हक्कसोडपत्रावर सही करावी का, आणि डाव्या विचाराच्या बाईने वाट्यासाठी भांडावे का?

प्रश्न : ‘दुसरी पाळी’, नागपूर

गेल्या पावसाळ्यात माझे वडील गेले. तेरवीच्या दिवशी जेवणे आटोपून पाहुणे अंगणात बसलेले असताना दोन भावांपैकी धाकट्याने मला आतल्या खोलीत बोलावले आणि एक टंकलिखित कागद पुढे केला. ते हक्कसोडपत्र होते. काटोल तालुक्यातील साडेपाच एकर संत्र्याची बाग आणि पाचपावलीतील, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले घर, या दोन्हींवरील माझा हिस्सा मी ‘राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, बंधुप्रेमापोटी’ सोडत असल्याचे त्यात लिहिले होते. बंधुप्रेम हा शब्द दस्तलेखकाने माझ्या वतीने आधीच घालून ठेवलेला पाहून मला प्रथम हसू आले आणि मग राग आला. चष्मा घरी राहिला असे सांगून मी वेळ मारून नेली. आता भाऊबीज जवळ आली आहे आणि चष्म्याचे कारण दुसऱ्यांदा चालणार नाही. आईचे म्हणणे एवढेच आहे की, सही करून टाक बाई, माहेर तुटायला नको.

मला लगेच सही करता आली नाही याचे कारण माझी आत्या आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याने तिला घराबाहेर काढले. मूलबाळ नव्हते, कागदोपत्री फारकतही झाली नाही. आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहून तिने चोवीस वर्षे एका सूतगिरणीत रीलिंगवर, म्हणजे सुताच्या लडी करण्यावर, काम केले आणि पै-पै साठवून उमरेड रोडकडे एक हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. २०११ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. नवरा तिच्या आधीच वारला होता. ज्यांनी तिचे तोंडही कधी पाहिले नव्हते ते त्याचे पुतणे महिनाभरात वारस म्हणून हजर झाले आणि प्लॉट त्यांना मिळाला. तिचे शेवटचे आजारपण माझ्या वडिलांनी काढले; त्यांचा त्या प्लॉटवर काही अधिकार नव्हता.

मी स्वतः हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. एकाच टेबलावर, एकाच प्रकारचे काम करणाऱ्यांपैकी पुरुषांची नोंद ‘ऑपरेटर’ अशी आहे आणि बायकांची ‘हेल्पर’ अशी. पगारवाढीचे विचारले की, तुमच्या घरी कमावणारा आहे ना, असे उत्तर येते. म्हणजे बापाच्या घरी मी नवऱ्याच्या घरची, नवऱ्याच्या घरी बापाच्या घरची, कारखान्यात ‘घरची’, आणि कायद्याच्या कलमात मेल्यावरही सासरची.

मात्र आमच्या संघटनेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत वेगळे आहे. ज्या व्यवस्थेत खाजगी मालमत्ता हेच शोषणाचे मूळ आहे असे आपण म्हणतो, तिथे बापाच्या जमिनीत वाटा मागणे हा मध्यमवर्गीय हट्ट आहे. शिवाय कारखान्यातल्या किती जणींच्या बापाला जमीन आहे, असे ते विचारतात. त्यांचे बोलणे मला खोडता आले नाही आणि पटलेही नाही. म्हणून येथे विचारते आहे.


उत्तर १ : ‘निवृत्त जॉबर’

बाई, आपल्या सहकाऱ्याचे वाक्य मी तरुणपणी स्वतः अनेक बैठकांत म्हटले आहे, त्यामुळे त्याचे उत्तर देणे ही माझी जबाबदारी आहे असे समजतो.

मालमत्ता नष्ट व्हावी असे मानणे वेगळे आणि ती भावांकडे राहावी असे मानणे वेगळे. तुम्ही सही केल्याने ती जमीन समाजाच्या मालकीची होणार नाही, ती दोन पुरुषांच्या मालकीची होईल. पुरुषाने बापाचे घर घेताना त्याला कोणी वर्गविरोधी म्हटल्याचे मी साठ वर्षांत ऐकलेले नाही. सिद्धान्ताचा उपवास नेमका बहिणीनेच का करावा?

आता गिरणीकडे येतो. आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, म्हणून ते नाव. कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये आणि अपघाताची भरपाई १८९५ मध्ये या गिरणीने सुरू केली, म्हणजे सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी. तेवढे श्रेय द्यायला हवे. परंतु एकूण कापड धंद्याची घडी अशी होती की बायका रीलिंग आणि वाइंडिंग या खात्यांत आणि मागावर पुरुष. बाईची मजुरी म्हणजे घरखर्चाला हातभार, असे मालक मानत असत, आणि आमच्या संघटनांनीही ते मनातून मान्य केले होते. यंत्रांचे आधुनिकीकरण आले तेव्हा तीच खाती आधी कमी झाली, आणि कोणत्या कामगाराला आधी घरी पाठवायचे या प्रश्नावर मालक आणि आम्ही यांच्यात फारसा मतभेद झाला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

कारखाना कायद्याचेही तसेच. १९४८ च्या कायद्यातील कलम ६६ ने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास बंदी घातली. ते संरक्षण म्हणून आले आणि आम्ही त्याचे स्वागत केले. पण तीन पाळ्यांच्या खात्यात ज्या कामगाराला एक पाळी करताच येत नाही, त्याला मालक घेईल कशाला? महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून रात्रपाळीला सशर्त परवानगी दिली. त्यात वाहतूक आणि सुरक्षेच्या अटी घातल्या, आणि अशा अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे हेच आता संघटनेचे काम आहे. बंदी परत आणा असे म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे असे मला वाटते. संप दोन महिने लांबतो तेव्हा घरात कोण टिकून राहते हे मी पाहिले आहे. ज्या बाईच्या नावावर झोपायला जागा नाही, जी भावाच्या किंवा नवऱ्याच्या मर्जीने छपराखाली आहे, ती तिसऱ्या आठवड्यात कामावर परतते, कारण तिला घरातून रोज विचारणा होत असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आत्याबाईंची मागची खोली आणि त्यांची मजुरी या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. खोली भावाची होती म्हणून मजुरी मालक म्हणेल ती होती.

आपल्या नागपुरात जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि डॉ. आंबेडकर उपस्थित होते. त्या परिषदेच्या ठरावांत एकीकडे फारकतीचा हक्क आणि पुरुषाच्या बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्या होत्या, आणि त्याच दमात गिरण्या, बिडी कारखाने व नगरपालिकांतील कामगार बायकांसाठी रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन या मागण्याही होत्या. लग्नाचा कायदा घरचा आणि रजेचा प्रश्न कारखान्याचा, अशी वाटणी त्या बायकांनी केली नाही. आम्ही शिकलेल्या डाव्यांनी ती नंतर केली.


उत्तर २ : ‘कोर्टाच्या पायऱ्या’

मी वकिली करते, त्यामुळे वैचारिक भाग वरच्या गृहस्थांवर सोडून कागदांबद्दल लिहिते.

घर वडिलांच्या स्वकमाईचे असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार समान वाटे होतात. बाग वडिलोपार्जित की खरेदीची हे जुने फेरफार पाहून ठरेल; मात्र कोणत्याही उत्तराने तुम्ही वगळल्या जात नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मतः सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार, केले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलेला घोळही संपवला. वारस नोंदीत तुमचे नाव आहे का ते प्रथम तपासा. पुष्कळदा बहिणींची नावे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली आढळतात आणि कोणी हरकत घेत नाही.

स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. एकदा दुय्यम निबंधकासमोर सही व अंगठा झाला की ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावे लागते, आणि ‘भाऊबीजेचे दडपण’ हे सिद्ध करता येण्यासारखे दडपण नाही. वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क भावाच्या नावे सोडताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. शासनाने ही सवलत कुटुंबातील व्यवहार सोपे व्हावेत म्हणून दिली असेल, पण माझ्या अनुभवात त्या खिडकीपाशी रांगेत बहिणीच असतात. भावाने बहिणीच्या नावे हक्क सोडल्याचा दस्त मी वकिलीच्या सगळ्या वर्षांत एकदाच पाहिला, आणि तो भाऊ अमेरिकेत होता.

आत्याबाईंच्या बाबतीत जे घडले ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील कलम १५ मुळे. (या कायद्यात ‘हिंदू’ या शब्दात बौद्ध, जैन आणि शीखही येतात.) मृत्युपत्र न करता स्त्री वारली तर तिची मालमत्ता प्रथम मुले व नवरा यांच्याकडे जाते, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे, आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांचा क्रम लागतो. पुरुष वारला तर मात्र बायकोच्या नातेवाइकांचा कुठेच संबंध येत नाही. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता, मुले नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते असा अपवाद आहे. पण तो फक्त वारशाने मिळालेल्यापुरता. तिने स्वतः कमावलेल्याला तो लागू नाही. मूळ मसुदा करणाऱ्यांना बाईची स्वतःची कमाई ही दखल घेण्याजोगी गोष्ट वाटली नसावी.

२००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात नेमका हाच प्रसंग होता. लग्नानंतर थोड्याच काळात विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली, माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेली स्त्री. आणि तिची बचत सासरच्यांना मिळाली, कारण सहानुभूतीने कलमाचा अर्थ बदलत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, विधी आयोगाने २०७ व्या अहवालात हे कलम दुरुस्त करण्याची शिफारस केली होती. कलम जसेच्या तसे आहे.

त्यामुळे मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर तुमची सही आणि तुमच्यासमोर त्यांची, एवढे पुरते. आणखी एक कागद तुमच्या कारखान्यातच आहे, तो म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन. १९५२ च्या योजनेत पुरुष सदस्याच्या ‘कुटुंबा’त त्याच्या बायकोचे आईवडील येत नाहीत, स्त्री सदस्याच्या कुटुंबात मात्र नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील येतात. नवऱ्याला वगळायचे असेल तर तिने आयुक्तांना तसे लेखी कळवावे लागते. टाकून दिलेल्या किती बायकांना ही तरतूद कोणी सांगते, हे आपल्या संघटनेने एकदा मोजावे.


उत्तर ३ : ‘आंबिया बहार’

मी नरखेडकडचा संत्रा उत्पादक आहे आणि या चर्चेतला ‘भाऊ’ मीच आहे असे समजून लिहितो. माझ्या दोन बहिणींनी १९९८ मध्ये मला सही दिली आणि त्याबद्दल मी त्यांना दरवर्षी लुगडे-साडी देतो. एवढेच देतो, हेही कबूल करतो.

परंतु साडेपाच एकरांचे गणित शहरातून दिसते तसे नसते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याची, फळगळ झाली की वर्ष जाते. विहिरीचे पाणी तळाला गेले की पंधरा वर्षांची झाडे डोळ्यांदेखत वाळतात, आणि नवीन कलम लावले तर फळ यायला पाच-सहा वर्षे. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आले की पीककर्जाला बँक तिची संमती मागते. ती पुण्याला असेल तर पेरणी निघून जाते. बहीण वाटा मागते तेव्हा कर्जाचा वाटा मागत नाही. कारखान्यातील वेतनाचा अन्याय तुम्हाला बरोबर दिसतो. शेतमालाच्या दरात शेतकरी भावाची झालेली लूट डाव्यांना कधी दिसली नाही. ते म्हणायचे, महागाई कमी करा. म्हणजे आमचा माल स्वस्त करा.

बायकांच्या नावे जमीन करण्याचा विचार आमच्याकडे डाव्यांनी आणला नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. त्यात आमच्या भागातील पुष्कळ शेतकऱ्यांनी कोणत्याही सक्तीशिवाय पत्नीच्या नावे जमीन केली. माझ्या पत्नीच्या नावे दीड एकर आहे. कायद्याने आणि कोर्टाने जे होत नाही ते समजुतीने झाले, याची नोंद असावी.


‘निवृत्त जॉबर’ यांचे प्रत्युत्तर

भाऊसाहेब, शेतमालाच्या भावाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि शहरातील डाव्यांनी ते ऐकले नाही हेही खरे. लक्ष्मीमुक्तीला मी मनापासून मानतो. परंतु एक पाहा : जमीन पत्नीच्या नावे केली तरी ती घरातच राहिली. बहिणीच्या नावे केली असती तर ती घराबाहेर गेली असती. म्हणून पहिली सुधारणा समजुतीने झाली आणि दुसरीला अजून कोर्ट लागते. तुमच्या पत्नीच्या माहेरच्या जमिनीत त्यांचे नाव आहे का, एवढे विचारतो. उत्तर मला द्यायची गरज नाही.

कर्जाचा वाटा बहिणीने घ्यावा हे मात्र योग्य आहे आणि ते लिहून घ्यावे.


उत्तर ४ : ‘रामटेकच्या पलीकडची’

वर दिलेले सगळे हिशेब आमच्याकडे लागू होत नाहीत, म्हणून थोडे लिहिते. मी गोंड आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २ (२) नुसार केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. आमचे सगळे रूढीवर चालते, आणि रूढी कोणती हे सांगण्याचा अधिकार बहुतेक वेळा वाटा देण्याची पाळी ज्यांच्यावर येते त्यांच्याकडेच असतो. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी मुलीच्या वारसांना सांगितले की, मुलीला वाटा देण्याची रूढी असल्याचे तुम्ही सिद्ध करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न उलटा केला : मुलीला वगळण्याची रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ लिंगामुळे तिला वाटा नाकारणे हा समानतेचा भंग आहे. हा निकाल आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे ते मी सांगू शकते, कारण मीच घरोघर सांगत फिरते आहे.

पण या निकालाचा आधार घेऊन ‘सगळ्यांना एकच कायदा करा’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहेत, आणि तरीही जमिनी गेल्या आहेत. मुलीचा हक्क आणि जमातीची जमीन या दोन्ही गोष्टी एकत्र राखणारा कायदा हवा आहे. आमच्या गावातल्या पुरुषांना भीती वाटते की मुलगी बाहेर लग्न करील आणि जावई जमीन घेईल. ही भीती अगदी निराधार नाही, पण ती फक्त मुलीच्याच बाबतीत आठवते. ठेकेदाराला खाणीसाठी अंगठा देताना कोणाला आठवली नाही.


‘दुसरी पाळी’ यांचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. काल रात्री सातबारा ऑनलाइन काढला. वडिलांच्या जागी दोन्ही भावांची नावे आली आहेत. आई आणि मी ‘इतर हक्क’ या रकान्यात आहोत. आईला हे दाखवले. तिला वाचता येते, पण तिने दोनदा वाचून घेतले, कारण या बागेतील निम्मी झाडे तिने स्वतः पाणी घालून जगवली आहेत. माहेर तुटायला नको, हे वाक्य त्यानंतर तिने उच्चारले नाही.

भावाला आज निरोप दिला आहे की मी सही करणार नाही. बाग विकायची नाही, कसायची त्यानेच. माझे आणि आईचे नाव मूळ रकान्यात यावे, पीककर्जाची संमती मी दरवर्षी वेळेवर देईन, आणि बहार बुडाला तर त्या वर्षी मला काही नको, पिकला तर हिशेब हवा. कर्जातील माझा भागही लिहून देईन. ‘आंबिया बहार’ यांनी ते सुचवले नसते तर माझ्या लक्षात आले नसते. भावाचे उत्तर अजून आलेले नाही. वहिनीचा मात्र फोन आला होता. तिने इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर विचारले की, तिच्या माहेरी सावनेरला अशीच सही तिने बारा वर्षांपूर्वी दिली आहे, ती परत घेता येते का. ‘कोर्टाच्या पायऱ्या’ यांनी वर लिहिलेलेच तिला वाचून दाखवले.

कारखान्यात नामनिर्देशनाचे अर्ज पाहायला मागितले आहेत. आमच्या विभागात एकतीस बायका आहेत. त्यांपैकी सहा जणी नवऱ्यापासून वेगळ्या राहतात आणि त्या सहाही जणींच्या अर्जावर नवऱ्याचेच नाव आहे. आयुक्तांना द्यायच्या पत्राचा मसुदा कोणाकडे असेल तर येथे द्यावा. रविवारी आम्ही सगळ्या एकत्र बसून लिहिणार आहोत.